बारीक होत गेलेली अक्षरं

ही रात्रीची गोष्ट नाही. आधीच सांगतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

या पेजवरच्या गोष्टी मीही वाचतो. बहुतेकांत मध्यरात्र असते, ओसाड रस्ता असतो आणि नेमकी तिथंच गाडी बंद पडते. माझ्या गोष्टीत भर दुपार आहे. खिडकी उघडी आहे, खाली कोणीतरी स्कूटर धुतंय, शेजारच्यांच्या टीव्हीवर मॅच चालू आहे.

आणि तरीही मी आता दुपारी घरात एकटा बसत नाही.

गोष्ट खरी आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी, मी वाद घालणार नाही. वाद घालायची ताकद उरलेली नाही.

मी एका केंद्रात काम करतो. तिथं नजर कमी झालेली माणसं येतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर त्यांच्या डोळ्यांना जमेल असा लावून देणं, हे माझं काम. अक्षर किती मोठं, मागचा रंग काळा की पांढरा, ओळ किती रुंद, माऊसचा बाण केवढा. शिंपी माप घेतो ना, तसंच.

लोकांना वाटतं, नजर कमी म्हणजे अक्षर मोठं करायचं, झालं काम. तसं नसतं हो. काहींची नजर कडेनं मिटत जाते. मधलं लख्ख दिसतं, पण दोन्ही बाजू गायब. नळीतून बघितल्यासारखं. अशा माणसाला मोठं अक्षर दिलं तर त्या नळीत एकच अक्षर मावतं. म्हणून त्याला बारीक अक्षर द्यायचं, म्हणजे अख्खा शब्द नजरेत येतो.

त्याची एक पद्धत आहे. मी माणसाच्या मागे, डाव्या खांद्याशी उभा राहतो. मोठ्या अक्षरापासून सुरुवात करतो. विचारतो, "एवढं दिसतंय?" तो "हो" म्हणाला की एक पायरी बारीक. परत विचारायचं. परत "हो", परत बारीक. "नाही" म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

"नाही" म्हणाला की एक पायरी मागे यायचं आणि तिथंच सोडून द्यायचं. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी ताई. मी लग्न केलं, ते टिकलं नाही. ताईनं केलंच नाही, त्यामुळे तिचं काही मोडलंही नाही, असं ती जो ऐकेल त्याला सांगते. ती शाळेची बस चालवते. सकाळची फेरी करून घरी येते, जेवते, संध्याकाळच्या फेरीपर्यंत बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसते. मी दुपारी घरूनच, आतल्या खोलीत बसून, लोकांना फोनवर मदत करतो.

ताईच्या नजरेचा तिला भारी तोरा. मी लहानपणापासून जाड भिंगाचा, तिला या वयातही चष्मा नाही. सुईत दोरा ओवायचा असला की मी मुद्दाम तिच्याकडे नेतो, आणि ती मुद्दाम दिव्याकडे पाठ करून ओवते. "छोट्या," म्हणायची, "तुझ्या वाटचे डोळे मीच घेऊन आले बघ."

तिनं तिचा ब्राउझर नव्या नवरीसारखा सजवला होता. वरची पट्टी जांभळी. नवीन टॅब उघडला की मागे तिच्या बसचा फोटो, धुऊन पुसून चकचकीत केलेला. मी कामातला माणूस म्हणून मला ते बघवायचं नाही.

"ताई, डोळ्यांना त्रास होतो या रंगाचा."

"तुझ्या डोळ्यांना होत असेल," ती म्हणायची.

थंडी सरता सरता एक दिवस मी त्या कॉम्प्युटरवर बसलो... आणि अक्षरं बारीक दिसली.

फार नाही. एकच पायरी. मला वाटलं, ताईनं केलं असेल. मी परत नेहमीएवढं करून ठेवलं.

दोन-तीन दिवसांनी परत बारीक. या वेळी ओळही आखूड झालेली. म्हणजे मजकूर पानभर पसरायच्या ऐवजी मधोमध, वर्तमानपत्रातल्या रकान्यासारखा.

"ताई, सारखं सारखं सेटिंग कशाला बदलतेस?"

"मी? अरे, तूच ना बदलतोस!"

"मी कशाला बदलू?"

"ते तुलाच ठाऊक. तुझं कामच आहे ते."

मी हसलो. तीही हसली. मला वाटलं ती थट्टा करतेय. तिला वाटलं मी थट्टा करतोय. त्या थट्टेत आमचे बरेच दिवस गेले, आणि आता ते दिवस परत मागितले तरी कोणी देणार नाही.

मग एका दुपारी मी फोन संपवून बाहेर आलो. ताई खाली दुकानात गेली होती. स्क्रीन चालू होती.

जांभळी पट्टी नव्हती...

बसचा फोटो नव्हता...

सगळा काळा. काळ्यावर पिवळी अक्षरं. बारीक रकाना, आणि तो मधोमध नव्हता, जरासा डावीकडे सरकलेला.

शिंप्याला स्वतःनं बेतलेला सदरा कुठंही ओळखू येतो. हे माप मी घेतलेलं होतं. ताईचं नव्हे, पेंटरकाकांचं.

पेंटरकाका म्हणजे माझ्याकडे येणारे एक म्हातारे गृहस्थ. उभं आयुष्य दुकानांचे बोर्ड रंगवण्यात गेलेलं. कडेची नजर गेली, उजवीकडची आधी गेली, म्हणून त्यांचा रकाना मी डावीकडे सरकवला होता. पिवळ्यावरून त्यांनी मला पार जेरीस आणलं होतं. मी दाखवीन तो पिवळा त्यांना पटेना. "सर, हा आजारी पिवळा आहे. हा भित्रा पिवळा आहे." शेवटी एक पिवळा त्यांना पसंत पडला. तो जगात दुसऱ्या कोणी निवडला नसता.

तोच पिवळा माझ्या घरातल्या स्क्रीनवर होता.

मी स्वतःची समजूत घातली. केंद्रातली सेटिंग्ज मी कधी कधी घरी करून बघतो. काकांचं खातं या कॉम्प्युटरवर उघडलं असेल, पुसायचं राहिलं असेल, त्यातलं काहीतरी ताईच्या खात्यात शिरलं असेल. मी सगळं शोधलं. काकांचं खातं कुठंही नव्हतं. मी ब्राउझरच काढून टाकला. नवा घातला, दुसऱ्याच जातीचा. जांभळा रंग दिला, बसचा फोटो लावला, अक्षर मोठं केलं, मस्त ऐसपैस.

ताई खुश झाली. "आज कुठून सूर्य उगवला?"

दुसऱ्या दुपारी परत काळा. पिवळा. आणि अक्षर... आधीपेक्षा एक पायरी आणखी बारीक.

मी कॉम्प्युटरला पासवर्ड लावला. तरी तेच. मी कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला. त्या दिवशी ताई फोनवर काहीतरी वाचत बसली होती. मी मागून डोकावलो. फोनवरही काळ्यावर पिवळं. मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं, आणि ताई ती घडाघडा वाचत होती.

"एवढं बारीक वाचवतं तुला?"

"असंच बरं पडतं रे आता," ती म्हणाली. "मोठं असलं की अर्धं कुठंतरी जातं."

अर्धं कुठंतरी जातं.

हे वाक्य मी कामावर रोज ऐकतो. नळीतून बघणारी माणसं सुरुवातीला हेच म्हणतात. त्यांना नजर गेल्याचं कळत नाही, वस्तूच कुठंतरी गेल्यासारख्या वाटतात.

मी हळूच तिच्या बाजूनं बिस्किटांची ताटली पुढे केली. अगदी गालाजवळ. ताईनं मान हलवली नाही. बिस्किट म्हणजे तिचा जीव की प्राण, पण ताटली तिच्यासाठी तिथं नव्हतीच.

मला रडू आलं. खरंच सांगतो. मी ताटली तशीच धरून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ही बाई रोज दुसऱ्यांची पोरं घेऊन रस्त्यावर उतरत होती.

"ताई, उद्या डोळे दाखवून येऊ."

"माझे? वेडा झालास का?"

तिनं चार दिवस टाळलं. मग शाळेच्या फाटकाशी बसचा डावा आरसा खांबाला लागून फुटला. बस रिकामी होती, म्हणून निभावलं. इतक्या वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा नव्हता. ती घरी आली आणि खांबालाच शिव्या घालत बसली. खांब पुढे आलाय म्हणाली. मग उठून तिनं चपला घातल्या.

"चल," म्हणाली. "दाखवून येऊ."

डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोळ्यांच्या आत काही नाही, नस ठीक, पडदा ठीक. पण नजर दोन्ही बाजूंनी कमी झालेली. का, ते सांगता येत नाही. आणखी तपासण्या करू, पंधरा दिवसांनी परत या. तोवर गाडीला हात लावायचा नाही.

ताईनं बसची किल्ली शाळेत नेऊन दिली. तात्पुरती, असं तिनं तिथं तीनतीनदा बजावलं. ती बस म्हणजे तिचा संसार होता. फेऱ्यांच्या वेळेवर तिचं जेवण, तिची झोप, तिचं हसणं. घरी येऊन ती दुपारच्या वेळी नुसती खुर्चीत बसून राहिली. तिला पुन्हा बस मिळावी, एवढंच मला त्या दिवसापासून हवं होतं. दुसरं काही नको होतं.

म्हणून मी वेड्यासारखा तिच्या फोनच्या मागे लागलो. सकाळ झाली की अक्षर मोठं करायचो. दुपारी फोन हातात घेतला की ते कालच्यापेक्षा बारीक. मी जितक्या वेळा वाढवलं, तितक्या वेळा ते आणखी खाली गेलं.

त्याच आठवड्यात केंद्रात फोन आला. पेंटरकाकांच्या सुनेचा.

"सर, तुम्ही दिलेला तो मोठा माऊस परत करायचाय. बाबा गेले."

"अरेरे... कधी?"

तिनं सांगितलं. थंडी सरतानाच. मी मनात हिशेब केला. आमच्याकडची अक्षरं बारीक व्हायला लागली, ती तेव्हापासूनच.

मी स्वतः गेलो त्यांच्याकडे. दुपारीच. छोटंसं नीटनेटकं घर, दारावर काकांनी स्वतः रंगवलेली पाटी. सुनेनं मला बसवलं, पाणी दिलं. टेबलावर काकांचा लॅपटॉप होता. तिनं तो उघडला.

काळा पडदा. त्यावर उभी पिवळी रेघ.

मी चष्मा काढून नाक स्क्रीनला लावलं... रेघ नव्हती ती. रकाना होता. अक्षरं इतकी बारीक की कोणत्याच माणसाला ती वाचता आली नसती.

"सर, एक विचारू? राग मानू नका," ती म्हणाली. "एवढं बारीक कशाला करत होता तुम्ही?"

"मी?"

"रोज दुपारी यायचात ना. बाबा सांगायचे, आज सर आले होते म्हणून."

"मी या घरात आज पहिल्यांदा येतोय."

ती हसली. मी चेष्टा करतोय असं वाटलं तिला. "काहीतरीच काय! मी आतून ऐकायची ना तुमचा आवाज. मी चहा टाकून बाहेर येईपर्यंत तुम्ही गेलेले. मी म्हणायची, काय हा माणूस, कायम घोड्यावर बसलेला."

"काय... काय बोलायचो मी?"

"तेच आपलं. एवढं दिसतंय, एवढं दिसतंय."

खाली कुणीतरी भांड्यांचं ओझं उतरवत होतं. त्या आवाजानं मी दचकलो.

"आणि काका?"

"बाबा 'हो' म्हणायचे." तिचे डोळे भरून आले. "शेवटी शेवटी तर त्यांना काहीच दिसत नव्हतं सर. मी म्हटलं, बाबा, दिसत नाही तर 'हो' कशाला म्हणता? तर म्हणाले, अगं, सर एवढे कष्ट घेतात. त्यांना 'नाही' कसं म्हणू?"

मी तिथून कसा निघालो ते मला आठवत नाही. माऊस तिथंच राहिला. जिना चढून घरी आलो, दार उघडलं. ताई खिडकीशी फोन घेऊन बसली होती.

"ताई, खरं सांग. तुझ्याशी दुपारी कोणी बोलतं?"

"कोण बोलणार? तूच बोलतोस."

"मी काय बोलतो?"

"हे बघ, आता परत परीक्षा नको. विचारतोस ना रोज, एवढं दिसतंय का, एवढं दिसतंय का. मी सांगते ना, हो म्हणून."

"ताई, मी आतल्या खोलीत फोनवर असतो. मी दुसऱ्या कोणाला तरी विचारत असेन, ते तुला ऐकू येत असेल." मी अक्षरशः विनवणी करत होतो. तसंच असू दे, असं मला वाटत होतं.

"छे रे. तू इथं उभा असतोस." तिनं डाव्या खांद्यामागे हात केला. "इथं. बाजूला असतोस म्हणून दिसत नाहीस. पण श्वास लागतो ना मानेला."

मी कधीच तिथं उभा राहिलो नव्हतो. घरी नाहीच. ताईचं माप घ्यायची मला कधी गरजच पडली नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. काका, सून, पिवळी रेघ. ताई घाबरणारी बाई नाही. पण तिनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"म्हणजे मी 'हो' म्हणते म्हणून..."

"हो. तू 'हो' म्हणतेस म्हणून ते थांबत नाही. तू 'नाही' म्हण. 'नाही' म्हटलं की थांबायचं, अशीच रीत आहे."

"पण मला दिसतं रे! दिसत असताना 'दिसत नाही' म्हणू?"

"म्हण."

तिला ते फार जड गेलं. नजरेच्या जोरावर ऐट मिरवलेली बाई. आरशासमोर बसून तिनं पुटपुटत सराव केला. नाही दिसत. नाही दिसत. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो आणि मला स्वतःचाच राग येत होता. कशाचा, ते सांगता येत नाही. आवाज माझा होता, एवढंच.

दुसऱ्या दुपारी मी फोन बंद करून आतल्या खोलीत बसलो, दार लोटून. श्वाससुद्धा जपून घेत होतो. बाहेर मॅचचा आवाज होता. मग तो आवाज आपोआप बारीक झाला...

आणि ताई म्हणाली, "नाही दिसत."

मी धावत बाहेर आलो. तिचा फोन घेतला. अक्षर एक पायरी मोठं झालं होतं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे नाचलो. खोटं नाही सांगत, मी ताईला उचललं.

दुसऱ्या दिवशी ती परत "नाही" म्हणाली. अक्षर होतं तिथंच राहिलं. रोज असंच. मी म्हटलं, जिंकलो. डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ आला होता. नजर तिथंच थांबली असेल, कदाचित परतही येईल, मग हळूहळू बसही.

फक्त एक अडचण होती. आवाज माझाच होता, त्यामुळे मी खरंच काही विचारलं तरी तिनं "नाही"च म्हणायचं, असं ठरलं होतं. चुकून एक "हो" गेला तर काय, या भीतीनं.

मी शहाणपणा करायला गेलो. दिसण्याचं विचारायचंच नाही, दुसरंच काहीतरी विचारायचं.

"ताई, कप कुठंय?"

तिनं बरोबर बोट दाखवलं. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आलो तर ती वैतागून म्हणाली, "छोट्या, त्या कपाचं किती वेळा विचारशील? मघापासून बोटं दाखवून हात दुखला."

मी तिला त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं. फोनवरचं अक्षर परत बारीक झालं होतं. बोट दाखवणं म्हणजेही 'हो'च झालं. तेव्हापासून मी तिला साधं "जेवलीस का" असंही विचारत नाही. आमच्या घरात प्रश्न उरलेला नाही. मी नुसता सांगत असतो. ताट ठेवलंय. पाऊस आलाय. मी निघालोय.

डॉक्टरांकडे गेलो. नजर तपासायची ती एक अंधारी खोली असते. माणूस मशीनपुढे हनुवटी टेकून बसतो, आत ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मला बाहेर बाकावर बसवलं. दार बंद झालं.

बराच वेळ गेला. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता.

"यांनी एकदाही बटण दाबलं नाही," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "मी तोंडी विचारून बघितलं. प्रत्येक वेळी 'नाही दिसत' म्हणाल्या. आत्ता तर चालत आल्या होत्या तुमच्याबरोबर! मला काही कळत नाहीये. पण मला जे आढळलं तेच लिहावं लागणार. गाडी यापुढे कधीच नाही."

मी ताईजवळ गेलो. रागावलो, खरं सांगायचं तर. "ताई, ते डॉक्टर होते गं! त्यांना तरी खरं सांगायचंस!"

ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या दिशेनं बघत होती.

"डॉक्टर कुठे होते?" ती हळूच म्हणाली. "आत अंधार होता. तूच विचारत होतास."

मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिथं माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांना विचारा हवं तर.

शाळेनं ताईच्या जागी दुसरा ड्रायव्हर घेतला. शाळा समजुतीनं वागली, काही कमी-जास्त बोलली नाही. ताईनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, हा आता नको. मी तो विकला, कॉम्प्युटरही विकला. आता घरात एकही स्क्रीन नाही. माझा फोन मी केंद्रातच ठेवून येतो. ही गोष्टसुद्धा तिथूनच टाईप करतोय.

काम मी सोडलेलं नाही, पण पद्धत सोडली. आता मी माणसाच्या हातात माऊस देतो, समोर बसतो आणि तोंड उघडत नाही. सगळ्यांना मी विचित्र वाटतो. वाटू दे.

तुम्ही विचाराल, ताईला आता किती दिसतं?

मला माहीत नाही.

ती घरात भिंतीला हात न लावता फिरते. पण घर तिच्या पायाखालचं आहे. ती माझ्याकडे तोंड करून बोलते. पण मी बोललो की आवाज कुठून येतो ते कोणालाही कळतं. तिला लख्ख दिसत असेल आणि ती आमचं ठरलेलं पाळत असेल. किंवा सगळं विझलं असेल आणि ती खरं तेच बोलत असेल. दोन्हीचं उत्तर एकच आहे. आणि मी विचारू शकत नाही.

काल दुपारी मी लवकर घरी आलो. ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. ऊन तिच्या तोंडावर होतं. मी चपला काढल्या, चहा केला, कप घेऊन तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. अगदी समोर, तिच्या नजरेच्या मधोमध. मी काहीच बोललो नाही. तिचा चेहरा बघत राहिलो, कारण तो इतका थकलेला मी कधी बघितला नव्हता.

घरात कसलाच आवाज नव्हता...

ताईनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

"नाही दिसत," ती म्हणाली.

ती त्या आवाजाला उत्तर देत होती, की मला सांगत होती?